पाकीट बदला, मजकूर नको

(वालावल येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय यंत्राचा आहे. पण माणसं मुंबईला आणि घर गावाला, अशी ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या विभागणी झाली, त्या कोकणाला टपालाचा विषय परका नाही. एका संगणकाचं पत्र दुसऱ्या गावच्या संगणकाकडे आलं, की ते आत घेताना पूर्वी काय काय करावं लागे, ते पाहू.

गोष्ट मुंबईपासूनच सुरू करू. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हे जाळं उभारायला घेतलं. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि डॉ. एस. रमणींच्या नेतृत्वाखालची जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाची संस्था त्यात होती. पुढच्याच वर्षी जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. 1992 मध्ये मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला जोडणारी लाइन 64 केबीपीएसची झाली. आजचा दोन मेगाबाइटचा एक फोटो त्या वाटेने जायला चार मिनिटांहून जास्त लागली असती, आणि वाट तर अनेक संस्थांची सामायिक!

त्या काळातली साधी रीत म्हणजे ‘यूयूसीपी’. बेल लॅब्समध्ये माइक लेस्क यांनी ती सत्तरच्या दशकात तयार केली. एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेल्या फायली द्यायच्या-घ्यायच्या आणि फोन ठेवायचा. पत्र पोचलं की तिथे ‘आरमेल’ नावाचा छोटा प्रोग्रॅम चाले. पाकिटावर वाटेतल्या प्रत्येक पोस्टाचा शिक्का उमटावा, तशी प्रत्येक यंत्राने पत्राच्या माथ्यावर ‘अमक्याकडून, तमक्या यंत्रावरून’ अशी एक ओळ चढवलेली असे. आरमेल या ओळींची चळत वाचून, यंत्रांची नावं उद्गारचिन्हांनी जोडून परतीचा एकच पत्ता तयार करी आणि पत्र पुढे पोचवणाऱ्या ‘सेंडमेल’ या प्रोग्रॅमच्या हवाली करी. परतीची वाट चुकली, तर उत्तर कुठे धाडणार?

अडचण पत्त्याचीही होती. यूयूसीपीचा पत्ता वाट सांगे, इंटरनेटचा पत्ता मुक्काम सांगे. दोन्ही एकत्र आले, समजा ‘क!ख@ग’ असं लिहिलं, तर पत्र आधी ‘क’कडे न्यायचं की ‘ग’कडे? यंत्रागणिक उत्तर वेगळं! 1986 च्या मानकाने @ ला मान दिला: आधी ‘ग’.

इथवर बदल फक्त पाकिटावर. मजकुराला हात लागला की घोळ सुरू. पुष्कळ यंत्रणा सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये ठेवत, आणि ‘फ्रॉम’ने सुरू होणारी ओळ म्हणजे नवं पत्र, असं समजत. मजकुरातलीच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली, तर तिच्या आधी > हे चिन्ह ठोकून देत. लिहिणाऱ्याने न लिहिलेलं चिन्ह वाचणाऱ्याच्या पदरी!

आपल्या लिपीला याहून मोठा फटका बसू शकत होता. जुनी मेल दर बाइटमधले सातच बिट जपण्याची हमी देई. काही यंत्रं आठवा सरळ छाटून टाकत. युनिकोडच्या यूटीएफ-8 रीतीत ‘वालावल’ला 18 बाइट लागतात: चार अक्षरं आणि दोन काने, प्रत्येकी तीन. आठवा बिट छाटला, की पहिल्या ‘व’चं `$5 होतं आणि ‘ल’चं `$2. गाव गेलं, बाजारभाव उरला!

1992 च्या ‘माइम’ने यावर तोडगा काढला: बाइट सात बिटांत बसतील अशा चिन्हांत बांधायचे, कसे बांधले ते माथ्यावर लिहायचं, पोचल्यावर सोडायचे. ‘बेस-64’ पद्धतीत तीन बाइटांची चार चिन्हं होतात. आपल्या गावाचे 18 बाइट 24 होऊन प्रवास करतात आणि पुन्हा 18 होतात. लांबी वाढली तरी चालेल, मजकूर हरवता कामा नये.

या माहितीचा उपयोग आजही आहे. आलेल्या मराठी मेलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर बहुधा मूळ अक्षरं वाटेतच गेली. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. चित्रविचित्र अक्षरं दिसली, तर पुष्कळदा बाइट शाबूत असतात, वाचताना तक्ता चुकीचा लागलेला असतो. ते पत्र पुसू नका, जाणकाराला दाखवा.