श्वास : घराची खरी मिळकत



तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगाराचा श्वास हीच त्याच्या घराची मिळकत. नाकातून शिरलेली हवा श्वासनलिकेवाटे उजव्या फुप्फुसाच्या ३ व डाव्याच्या २ खंडांत पोहोचते. तेथील कोट्यवधी वायुकोशांत रक्त प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. श्वासमार्गातील सूक्ष्म रोमके धूळ अडवून बाहेर लोटतात. अतिसूक्ष्म कण व वायू मात्र थेट वायुकोशांपर्यंत जातात. एकदा नष्ट झालेले वायुकोश औषधाने परत येत नाहीत.

म्हणून २ आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला केवळ कारखान्यातील धुळीचा मानू नये. तो क्षयाचाही असू शकतो. थुंकी अवश्य तपासून घ्यावी. पालघर-बोईसरच्या घराघरांत हा निरोप आपण पोहोचवावा, हेही आम्ही दानच मानतो.