लयीची स्पर्धा आणि यंत्राचा निवाडा

वरुणा येथे भरलेल्या या परिषदेपुढील विषय, म्हणजे संगीताच्या ठेक्यावर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना ई-स्पोर्ट्स म्हणून लाभलेली लोकप्रियता, भारतात अजून बाल्यावस्थेत असला तरी जपानमध्ये त्याला पाव शतकाहून अधिक इतिहास आहे. पडद्यावर सरकत येणाऱ्या खुणा गाण्याच्या ठोक्यावर नेमक्या टिपायच्या, एवढाच ‘रिदम गेम’चा नियम. कोनामी कंपनीने १९९७ मध्ये ‘बीटमेनिया’, १९९८ मध्ये पायांनी खेळायचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ आणि १९९९ मध्ये सात कळा व एक फिरती तबकडी असलेला ‘बीटमेनिया टूडीएक्स’ गेम सेंटरमध्ये आणला, तर डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००७ मध्ये काढलेल्या ‘ओसू’ने हा खेळ फुकटात घरच्या संगणकावर नेला.

‘टूडीएक्स’मध्ये सर्वोच्च गुण मिळवण्यासाठी कळ ठोक्याच्या आगेमागे सुमारे सेकंदाच्या साठाव्या भागात दाबावी लागते. तरबेज खेळाडू खुणा सरकण्याचा वेग कमी न करता उलट वाढवतात, कारण वेग वाढला की खुणांमधले अंतर वाढते आणि गर्दी विरळ होऊन वाचन सोपे जाते. नवख्याला हे पटत नाही. निवाडा यंत्राचा असल्याने परीक्षकाच्या नावाने बोटे मोडण्याची सोय उरत नाही, आणि चूक प्रेक्षकाला पडद्यावर लगेच दिसते. स्पर्धा म्हणून या खेळाचे खरे बळ इथेच आहे.

येथे प्रतिस्पर्ध्यावर चाल करता येत नाही, दोघे शेजारी उभे राहून आपापले गाणे वाजवतात, मग यात डावपेच कुठले, असा आक्षेप घेतला जातो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘बेमानी प्रो लीग’ने त्याला चोख उत्तर दिले. गेम सेंटर चालवणाऱ्या कंपन्यांचे संघ तेथे उतरतात, आणि एकत्र दाबायच्या कळा, तबकडीचे काम किंवा मध्येच बदलणारी गती अशा ठरलेल्या प्रकारांतून गाणी निवडतात. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची दुबळी बाजू हेरून गाणे काढणे हाच डाव ठरतो.

मात्र या कौशल्याला संगीतज्ञान म्हणणे घाईचे होईल. वरुणावरून जाणारा रस्ता ज्या तिरुमकूडलु नरसीपुराला पोहोचतो, ते सात तारांचे व्हायोलिन वाजवणाऱ्या टी. चौडय्यांचे गाव, आणि चौडय्यांसारख्या साथीदाराची कसोटी आधी न ठरलेल्या लयीला त्या क्षणी सामील होण्यात असते. गायकाने स्वर ठोक्यामागे किंचित रेंगाळत ठेवला तर मैफल दाद देते, यंत्र मात्र गुण कापते. म्हणून हे खेळाडू वादक नव्हेत, ते विलक्षण वेगाचे वाचक आहेत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

भारताने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपासून त्यांना वेगळे काढले. परंतु येथे ई-स्पोर्ट्स म्हटले की बंदुकीचे खेळच डोळ्यांपुढे येतात. २०२३ च्या सिंगापूरच्या ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स मालिकेत मात्र ‘जस्ट डान्स’ हा नृत्याचा गेम तिरंदाजी व बुद्धिबळाच्या पंक्तीला बसला होता.

आयोजकांपुढच्या अडचणी दोन. बिनतारी इयरफोनमधून आवाज उशिरा पोहोचतो, आणि जेथे सेकंदाच्या साठाव्या भागाचा हिशेब होतो तेथे एवढा उशीर सामना बुडवायला पुरतो. हा दोष तारेच्या हेडफोनने आणि सर्वांना एकाच बनावटीचे यंत्र देऊन टळतो. दुसरी अडचण गाण्यांच्या हक्कांची, कारण खेळात गाणे वापरण्याचा परवाना असला तरी सामन्याच्या थेट प्रक्षेपणाला तो पुरेलच असे नाही. यावर येथील वादकांकडून स्पर्धेपुरत्या नव्या रचना हक्कांसह करून घेणे हा मार्ग आहे. त्या रूपकात किंवा मिश्र चापूत, म्हणजे सात मात्रांच्या आवर्तनात बांधल्या, तर चार मात्रांच्या सरावाला सोकावलेल्या बोटांचीही परीक्षा होईल.