तारीख कुणाच्या बापाची?



मंडळाच्या पोरांनी मला विषय दिला : 'एकाच दिवशी जन्मलेली थोर माणसं'. ऐकल्यावर वाटलं, हे तर रविवारच्या पेपरातल्या राशीभविष्यवाल्याचं काम. एका नक्षत्रावर जन्मलेल्यांचं नशीब एका साच्यातून निघतं, असं तो सांगतो. भटजीनं पत्रिका मांडायची, ग्रहांनी आपली लायकी ठरवायची आणि वर दक्षिणाही आपणच द्यायची. धंदा जुना आहे. म्हणूनच मी विषय घेतला. जन्मतारखेचंही राजकारण असतं, आणि अकरा ते चौदा एप्रिलच्या या आठवड्यात ते बोललं पाहिजे.

१२ फेब्रुवारी १८०९. तारीख एक, साल एक, बाळं दोन.

पहिलं अमेरिकेत. केंटकीच्या रानात ओंडके रचून केलेलं एका खोलीचं घर, खाली माती. तिथे अब्राहम लिंकन जन्मला. बाप शेती करायचा, सुतारकामही करायचा. या पोराची सगळी शाळा गोळा केली तरी एक वर्ष भरत नाही. ऐन विशीत त्यानं दोनदा नावेत माल भरून मिसिसिपी नदीतून न्यू ऑर्लिन्सला पोचवला. म्हणजे आमच्याच जातीचा, माल वाहणारा.

दुसरं बाळ इंग्लंडात, श्रूजबरी गावात. डॉक्टर बापाची हवेली, आजोळ चिनीमातीच्या भांड्यांचे कारखानदार. तो चार्ल्स डार्विन. पगारासाठी त्याला जन्मात कधी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

आता काढा पत्रिका. एकाला छप्पन्नाव्या वर्षी नाटकगृहात गोळी घातली. दुसरा त्र्याहत्तराव्या वर्षी आपल्या घरात, आपल्या बिछान्यावर गेला. ग्रह तेच होते ना? मग झोपडी आणि हवेली कुणी वाटली?

हे दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. तरी त्यांच्यात एक धागा आहे, आणि तो आभाळातला नाही. गुलामगिरी हा तो धागा.

डार्विन बावीस-तेवीस वर्षांचा असताना 'बीगल' जहाजावरून ब्राझीलला गेला. साल १८३२. तिथे त्याचं आणि कप्तान फिट्झरॉयचं भांडण झालं. कप्तान गुलामगिरीची तारीफ करत होता. म्हणाला, एका मळेवाल्यानं आपल्या गुलामांना माझ्यासमोर उभं करून विचारलं, तुम्हाला मोकळं व्हायचंय का? सगळे म्हणाले, नाही. डार्विननं उलट विचारलं, मालकासमोर दिलेल्या गुलामाच्या उत्तराला किंमत काय? कप्तान इतका भडकला की यापुढे आपण एका टेबलावर जेवायचं नाही म्हणाला. पंगतीतून उठवलंच म्हणा. मग काही तासांनी त्यानंच माफी मागितली, ही गोष्ट वेगळी.

दोस्तहो, हा प्रश्न आपल्याला ब्राझीलहून आणायची गरज नाही. गावात चौकशीला साहेब येतो, पाटलाच्या ओट्यावर बसून चहा पितो आणि तिथेच आपल्या म्हाताऱ्याला बोलावून विचारतो, "काय रे, तुमच्यावर कोण अन्याय करतंय काय?" म्हातारा म्हणतो, "न्हाई साहेब." साहेब लिहितो : अन्याय नाही.

१८५९ साली डार्विनचा मोठा ग्रंथ आला, १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवरचा दुसरा आला. सगळ्या वंशांची माणसं एका पूर्वजाची, हे त्यानं मांडलं. त्याच्या हिशेबात कुणी तोंडातून जन्मत नाही, कुणी पायातून जन्मत नाही. पण त्याच पुस्तकात 'रानटी' आणि 'सुधारलेले' अशी शिडी आहेच. पुढे त्या शिडीचा सोटा करून दुबळ्यांनी मरावं हाच निसर्गाचा कायदा, असं सांगणारे निघाले. रक्ताच्या शुद्धतेनं जातीचं समर्थन करणाऱ्यांचा बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त समाचार घेतलाय, तो पुन्हा वाचा.

लिंकनचंही तसंच. १८५८ सालच्या निवडणुकीच्या भाषणात तो स्पष्ट म्हणाला होता की गोरे आणि काळे सामाजिक-राजकीय बाबतीत सारखे व्हावेत, असं मी मानत नाही. तरी १ जानेवारी १८६३ ला मुक्तीचा जाहीरनामा त्याच्याच सहीनं निघाला. तोही बंड केलेल्या राज्यांपुरता. सगळ्या देशातली गुलामगिरी कायद्यानं गेली डिसेंबर १८६५ मध्ये, तेरावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा. तोवर लिंकन मेला होता. आणि ही मुक्ती कुणी ताटात वाढली नाही. सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई त्या युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढले.

ही झाली तारीख असलेल्या माणसांची गोष्ट. आता तारीख नसलेल्यांकडे या.

डार्विन एडिंबरात कॉलेजात असताना मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते टिकवायची विद्या एका काळ्या माणसाकडून शिकला. जॉन एडमनस्टन हे त्याचं नाव. गयानात तो गुलाम होता, नंतर मुक्त झालेला. ती विद्या डार्विनला पुढे जहाजावर जन्माची कामाला आली. चेल्याच्या जन्माची तारीख जगातली पोरं परीक्षेला पाठ करतात. गुरूच्या जन्माची तारीख कुठल्याच नोंदीत नाही. हॅरिएट टबमननं कित्येक गुलामांना रात्रीच्या अंधारात उत्तरेकडे नेऊन मोकळं केलं. तिच्या जन्माचं सालसुद्धा अंदाजानं सांगतात.

आणि फ्रेडरिक डग्लस. हा माणूस आपण नीट ओळखला पाहिजे. मेरीलँडात गुलाम म्हणून जन्मला. गोऱ्या पोरांना आपलं वय ठाऊक आणि मला का नाही, हा सल त्यानं १८४५ च्या आत्मचरित्रात अगदी सुरुवातीलाच लिहिलाय. मालकाला विचारायची सोय नव्हती. गुलामानं वय विचारणं हा उर्मटपणा.

पण मालकाच्या वहीत नोंद होती बरं का. फेब्रुवारी १८१८, हॅरिएटचा मुलगा. दिवस नाही, नुसता महिना. गाय व्याली की शेतकरी जसा लिहून ठेवतो, तशी ही मालमत्तेची नोंद. वही पुढे संशोधकांच्या हाती लागली, पण तोवर डग्लस मरून गेला होता. मरेपर्यंत तो आपलं साल १८१७ समजत होता.

बाल्टिमोरच्या गोदीत हा माणूस जहाजाच्या फटी बुजवायचं काम करायचा आणि मजुरी मालकाच्या हातावर ठेवायचा. १८३८ साली खलाशाचे कपडे चढवून, दुसऱ्याचे कागद खिशात घालून तो निसटला. उत्तरेला न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर आला, तर तिथे गोरे कारागीर म्हणाले, हा आमच्यासोबत फटी बुजवणार असेल तर आम्ही काम सोडू. मग त्यानं मिळेल ती हमाली केली. मी स्वतः गोदीत पाळीवर जातो. कसब हातात असताना माणसाला ओझ्याखाली का घालतात, ते मला कुठल्या पुस्तकातून शिकायला नको.

या माणसानं आपली जन्मतारीख स्वतः ठरवली. आई त्याला लाडानं 'व्हॅलेंटाइन' म्हणायची, तेवढी आठवण धरून त्यानं १४ फेब्रुवारी निवडली. आपली पोरं त्या दिवशी गुलाब घेऊन चौपाटीवर जातात. जा, खुशाल जा. पण ज्याला तारीखच दिली नव्हती, त्यानं त्या दिवशी आपला जन्म स्वतःच्या नावावर करून घेतला, हेही त्या पोरीला सांगा.

पुढे बघा काय झालं. लिंकन १२ फेब्रुवारी, डग्लस १४ फेब्रुवारी. काळ्या वस्त्यांतून हे दोन्ही दिवस साजरे व्हायचे. कार्टर वुडसन नावाचा इतिहासकार होता. आईबाप गुलामीतून सुटलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला, हार्वर्डमध्ये डॉक्टरेट मिळवलेला. त्यानं १९२६ साली हेच दोन दिवस धरून काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला. १९७६ पासून तो महिन्याचा झाला. एक तारीख केंटकीच्या झोपडीतून आली, दुसरी गुलामानं स्वतः निवडली. त्या दोन दिवसांतून एका समाजानं आपला इतिहास शाळेत घुसवला.

आता आपल्या घरी या.

इथे हात वर करा : कुणाच्या आईच्या, बापाच्या, आजोबाच्या दाखल्यावर १ जून आहे? बघा, अर्धं सभागृह. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त थोर माणसं १ जूनला जन्मली आहेत! शाळा जूनमध्ये भरते. मास्तर विचारतो, पोरगा कधीचा? आई सांगते, भातकापणीच्या दिवसातला. मास्तर लिहितो १ जून आणि म्हणतो, पुढचा. माझ्या बापाचं असंच झालं. म्हणून दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांतून माणसं एकदम घोळक्यानं रिटायर होतात. कुणबी, धनगर, आदिवासी हेही त्या घोळक्यात आहेत, ते विसरू नका. तिकडे ज्यांच्या घरी पत्रिका, त्यांचा जन्म घटका-पळांसकट लिहिलेला. आपला जन्म शाळेच्या सोयीनं लिहिलेला.

या पार्श्वभूमीवर आपल्या जयंत्या बघा. जोतीराव ११ एप्रिल १८२७, बाबासाहेब १४ एप्रिल १८९१. मध्ये फक्त तीन दिवस. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. पुण्यात बसून त्यांनी ओळखलं होतं, की तिकडची बेडी आणि इकडची बेडी एकाच लोखंडाची. १४ एप्रिल १९२८ ला पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती केली. वुडसनच्या आठवड्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. कुणी कुणाला पत्र लिहून विचारलं नव्हतं. ज्यांना कॅलेंडरात जागा नाही, त्यांना ती करून घ्यावी लागते.

आणि १ ऑगस्ट १९२०. त्या दिवशी मुंबईत टिळक वारले, त्याच दिवशी वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णाभाऊ जन्मले, शाळेत दीड दिवस बसलेले. शाळांतून त्या दिवशी भाषणं व्हायची टिळकांवर. आता शेजारी अण्णाभाऊंचा फोटो असतो. तो आपोआप तिथे गेला नाही. लोकांनी नेऊन ठेवला.

पण दोस्तहो, एक सांगतो. लिंकनला गोळी घातली ती १४ एप्रिल १८६५ ला. उद्या कुणीतरी शहाणा उठेल आणि म्हणेल, बघा, तोच आत्मा इकडे आला. त्याला तिथल्या तिथे गप्प करा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरात पुनर्जन्माचं दुकान उघडू देऊ नका. योगायोग तो योगायोग. आपण बघायचं ते त्या दिवशी माणसांनी काय केलं.

आणि त्या तारखेला एक मोठी गोष्ट घडलीय. १४ एप्रिल १८७६ ला वॉशिंग्टनला लिंकनच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पैसे मुक्त झालेल्या गुलामांचे. पहिले ५ डॉलर शार्लट स्कॉट नावाच्या बाईनं दिलेले, सुटल्यानंतरच्या तिच्या कमाईतले. पण पुतळा कसा असावा, ते गोऱ्यांनी ठरवलं. लिंकन उभा आणि त्याच्या पायाशी काळा माणूस गुडघ्यावर. डार्विनच्या आईचा बाप वेजवुड, त्यानं १७८७ साली गुलामगिरीविरुद्ध बिल्ला काढला होता. त्यावरही गुलाम गुडघ्यावरच. आपल्या बाजूचे म्हणवणाऱ्यांनाही आपण उभे दिसत नाही.

त्या दिवशी भाषणाला डग्लस होता. समोर राष्ट्राध्यक्ष बसलेले. तो म्हणाला, की लिंकन हा गोऱ्यांचा अध्यक्ष होता, आम्ही फार तर त्याची सावत्र लेकरं. आणि हेही म्हणाला, की त्याच्या काळाच्या मापानं तो वेगानं चालला, आम्ही त्याचे ऋणी आहोत. दोन्ही एकाच भाषणात. त्याच महिन्यात त्यानं वर्तमानपत्राला लिहिलं, की मरण्याआधी मला काळा माणूस पायावर ताठ उभा असलेला पुतळा बघायचाय.

आपल्या वस्तीच्या नाक्यावर बाबासाहेब उभे आहेत. हातात ग्रंथ, बोट पुढे. कुणाच्या पायाशी नाहीत, आणि त्यांच्या पायाशीही कुणी गुडघे टेकलेलं नाही. तो पुतळा वर्गणी काढून आपल्या बापजाद्यांनी उभा केला. आता जयंतीही तशीच उभी राहिली पाहिजे. मिरवणूक काढा, नाचा, निळा उधळा, माझी ना नाही. पण त्या दिवशी डग्लससारखं खरं बोलणारा एक तरी माणूस स्टेजवर हवा. आपल्याच पुढाऱ्यांसमोर बोलणारा.

शेवटी एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर एक वही करा. आजी जिवंत असेल तर तिला विचारा, तू कधीची? ती तारीख सांगणार नाही. ती सांगेल, मोठ्या दुष्काळातली, भूकंपाच्या आदल्या सालची, धरणात गाव गेलं तेव्हाची. तसंच लिहा. तिचं नाव, तिच्या आईचं नाव, गाव, कुठलं काम केलं, किती लेकरं झाली, किती गेली. ही मालकाची वही नाही, तेव्हा दिवस चुकला तरी चालेल. तिचं नाव राहता कामा नये.

आणि तिला विचारा, तुझा वाढदिवस कधी करायचा? ती लाजेल, हसेल, चल मेल्या म्हणेल. पण तारीख तिलाच ठरवू द्या.

जयभीम.