दुखणं काढणाऱ्याचं दुखणं

दात काढताना आज कळ फारशी जाणवत नाही. ही वाट पाडणाऱ्यांत एक होता हार्टफर्डचा अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स. १८४४ साली हसवणारा वायू हुंगून त्यानं स्वतःचाच दात काढून घेतला. १८४५ मध्ये बोस्टनचा जाहीर प्रयोग फसला आणि तो खचला. पुढे क्लोरोफॉर्म स्वतःवर अजमावता अजमावता त्याचीच चटक लागली. १८४८ साली, ३३व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्यानं जीवन संपवलं.

औषध हाताशी, पण बोलावं तर दवाखाना बंद पडण्याची भीती. अशा माणसाला उपदेश नको असतो. त्याच वाटेवरून परतलेला सोबती हवा असतो. १९३५ साली अ‍ॅक्रनमध्ये शेअर बाजारातला बिल आणि शल्यविशारद बॉब हे दारूनं पोळलेले दोघं मोकळेपणी बोलले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. ब्रिटनमध्ये तर व्यसनातून सावरणाऱ्या डॉक्टर आणि दंतवैद्यांचा स्वतंत्र गट आहे. तिथं सगळेच रोगी, सगळेच वैद्य.

वेल्सला असा एक सोबती भेटला असता तर? दंतवैद्य मित्रांनो, शेजारच्या दवाखान्यातला सहकारी अलीकडे गप्प गप्प वाटत असेल, तर आज त्याच्याकडे जा. ‘कसा आहेस?’ एवढंच विचारा; आणि उत्तर ऐकायला थांबा.