पदवी आणि पोटापाण्याचा प्रश्न

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा आत मसालेभाताच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी मला इथे उभे केले आहे. मी सातवी शिकलेली बाई. आमच्या खेड्यात शाळाच सातवीपर्यंत होती. तरी मी आज कॉलेज शिकलेल्यांच्या नोकऱ्यांविषयी बोलणार आहे, ह्याचे कोणाला हसू येईल. पण त्याला दोन कारणे आहेत. एक, गेली अकरा वर्षे माझ्या घरून कॉलेजातल्या प्राध्यापक मंडळींना जेवणाचे डबे जातात. दुसरे, माझी थोरली बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे शिकून प्राध्यापक व्हावयाचे म्हणते. तेव्हा हा विषय माझ्या घरचाच आहे.

प्रथम डब्याच्या वहीत काय दिसते ते सांगते. सध्या सात डबे एकाच कॉलेजात जातात. चौघांचे पैसे पाच तारखेच्या आत येतात. तिघांचे येत नाहीत. त्यांतली एक मुलगी मला म्हणते, “काकू, बिल अजून निघालं नाही, पुढच्या महिन्यात एकदम देते.” बरे, शिकवितात सगळे सारखेच. वर्ग तेच, पेपर तपासणे तेच. मग हा फरक कशाचा? तर चौघे कायम नोकरीत आहेत आणि तिघे ‘तासिका तत्त्वावर’ आहेत. म्हणजे जितके तास शिकविले तितक्याच तासांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, दिवाळीचे नाहीत आणि उन्हाळ्याचे तर नाहीतच.

ह्या मुलीचा हिशोब मी तिच्यासमोर बसून मांडला. ती लागली त्या वर्षी तासाला ५०० रुपये मिळत. आठवड्याला ९ तास तिच्या वाट्याला. म्हणजे महिन्याचे १८,००० रुपये झाले. ऐकावयास बरे वाटते. पण सुट्ट्या नि परीक्षा वजा जाता वर्षात खरे शिकविण्याचे महिने भरतात आठच. आठ महिन्यांचे झाले १ लाख ४४ हजार. बारा महिन्यांत वाटले तर दरमहा १२,०००. त्यातून खोलीचे भाडे, डबा, एस.टी.चे भाडे आणि गावाकडे आईवडिलांचे औषध. उलट त्याच कामावर कायम लागणाऱ्या सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो, भत्ते निराळे.

कोणी म्हणेल, तिचे शिक्षण कमी पडले असेल. तसे नाही. बी. ए., एम. ए. करून ती सेट पास झाली आहे. कॉलेजात शिकविण्याची पात्रता ठरविणारी नेट ही परीक्षा देशभर १९८९ सालापासून होते आणि आपल्या राज्याची सेट पुणे विद्यापीठ १९९५ सालापासून घेते. ह्या परीक्षांत थोडेच पास होतात. ती पास झाली, वर पीएच. डी.लाही बसली. शिकता शिकता तिशी आली आणि घरी लग्नाचे विचारणारे सांगतात की मुलगी ‘प्राध्यापक’ आहे!

हे असे का होते, तेही मी डबे नेताना विचारून घेतले आहे. एखादे प्राध्यापक निवृत्त होतात. ती जागा भरावयास सरकारची परवानगी लागते, कारण अनुदानित कॉलेजात पगार सरकार देते. परवानगी लवकर येत नाही. मुलांचे वर्ग तर थांबविता येत नाहीत. मग त्या एका जागेचे तास दोघांत वाटून तासिकेवर माणसे घेतात. जूनमध्ये घ्यावयाचे आणि वर्ष संपले की मोकळे करावयाचे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. २०१८ साली सरकारने रिकाम्या जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० जागा भरावयास मंजुरी दिली. मध्ये करोनाची साथ आली आणि काम थांबले. त्यांतल्या उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा मंजुरी मिळावयास २०२१ साल उजाडले. तेवढ्या काळात पोरे तीन वर्षांनी वाढतात, हे आपणां आयांना सांगावयास नको.

नियम नाहीत असेही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमांत लिहिले की कंत्राटी अध्यापक एकूण जागांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावेत. २०१९ च्या जानेवारीत आयोगाने पाहुण्या अध्यापकांना तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यावेत असेही ठरविले. माझ्या डब्याच्या वहीत मात्र सातांत तीन तासिकेवरचे आहेत, आणि त्यांतल्या एकीला तासाला ५०० रुपयांवर काम सुरू करावे लागले.

ही झाली शिकविणाऱ्यांची गोष्ट. आता शिकून बाहेर पडणाऱ्यांची. २०२४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या देशातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यात २०२२ सालचा आकडा असा आहे की १५ ते २९ वयाच्या पदवीधरांत शंभरामागे २९ जण बेकार. आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यात शंभरामागे तीनसाडेतीन! हा आकडा मी घरी वाचून दाखविला तेव्हा आमच्या सासूबाई म्हणाल्या, “मग शिकवायचंच कशाला?”

भगिनींनो, हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरी विचारला जातो, आणि तो मुलीच्या बाबतीत आधी विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. अडाणी माणसाला नोकरीची वाट पाहत बसणे परवडत नाही. आज काम नाही केले तर आज चूल पेटत नाही. तो मिळेल ती मजुरी धरतो, म्हणून तो बेकारांत मोजला जात नाही. ह्याचा अर्थ तो सुखात आहे असा नव्हे. पदवीधराच्या घरी निदान वर्षदोन वर्षे थांबण्यापुरते असते, आणि शिकल्याजोगे काम त्याला हवे असते. ते काम कमी आहे, हे खरे दुखणे. २०२३ साली तलाठ्यांची भरती निघाली. जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या वर! कोणतीही पदवी चालत होती, म्हणून सगळ्या पदव्या एकाच दारात उभ्या राहिल्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बेकार म्हणून त्यालाच मोजतात, जो काम शोधतो आहे. आपल्या मंडळात बी. ए., बी. कॉम. झालेल्या किती सुना आहेत! त्या पहाटेपासून राबतात, पण काम शोधावयास बाहेर पडत नाहीत, म्हणून त्या कामकऱ्यांतही नाहीत आणि बेकारांतही नाहीत. कागदावर त्यांचा पत्ताच नाही. उलट बाजूही सांगते. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे देशातल्या कॉलेजांत व विद्यापीठांत सुमारे १६ लाख अध्यापक होते आणि त्यांत शंभरी ४३ स्त्रिया. म्हणजे मुलींसाठी हे दार उघडले आहे. ते कायमचे उघडावे एवढेच मागणे आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यास कॉलेज काढून ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग घालून दिला. शिकणे आणि हाताला काम ह्यांची फारकत करू नये, हे त्यांनी ओळखले होते. आता २०२४ पासून सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे. चांगलेच झाले. पण फी वाचली तरी मुलीच्या आयुष्याची वर्षे खर्ची पडतातच. ती कुठे खर्च करावयाची ते पाहिले पाहिजे.

म्हणून माझी मंडळाला तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, मुलगा असो वा मुलगी, नाव घालण्यापूर्वी त्या कॉलेजात जाऊन विचारा, की मागल्या तीन वर्षांत इथून बाहेर पडलेली मुले आज काय करतात? आणि शिकविणारे कायम किती, तासिकेवर किती? आपण भाजी घेताना जुडी उलटून पाहतो. इथे तर पोरीच्या आयुष्याची चार वर्षे द्यावयाची आहेत. दुसरी, पदवीबरोबर एक हातचे काम शिकू द्या. हिशोब असो, संगणक असो, शिवण असो, प्रयोगशाळेतले काम असो. तिसरी, मंडळाने एक वही घालावी. गल्लीतल्या प्रत्येक पदवीधर मुलीने तीत लिहावे, की काय शिकले, काय मिळविते, कुठे अडले. नवीन मुलींना ती वही कोणत्याही जाहिरातीहून उपयोगी पडेल.

आणि एक लहानशी गोष्ट. तासिकेवरच्या मुलामुलींना “अजून कायम नाही का?” असे रस्त्यात विचारू नका. माझ्या डब्यावरची ती मुलगी त्या प्रश्नापायी मागल्या गल्लीने जाते. कायम करणे तिच्या हाती नाही.

माझी थोरली पुढे शिकणार आहे. मी तिला अडविणार नाही. एम. एस्सी. होईपर्यंत सकाळी प्रयोगशाळेचे काम शिकावयास जा, एवढी अट मात्र घातली आहे, आणि ती तिने मान्य केली आहे.

भात निवत चालला आहे. जय हिंद.