सांडपाण्यातील जिवाणूंचा आहार



उन्हाळ्यात पवना-इंद्रायणीवर पसरणारी जलपर्णी आपण पाहतो. तिला पोसतात ते सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद. प्रक्रिया केलेले पाणी नितळ दिसले, तरी त्यात हे दोन्ही विरघळलेले असू शकतात. ते काढण्याचे काम जिवाणू करतात. मात्र त्यांना कार्बन किती आणि कोणत्या रूपात मिळतो, यावर सारे अवलंबून असते.

आधी नत्राचे पाहू. हवा सोडलेल्या हौदात काही जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. बिनहवेच्या हौदात दुसरे जिवाणू प्राणवायूऐवजी त्या नायट्रेटवर श्वसन करतात आणि नत्रवायू बारीक बुडबुड्यांनी वर येतो. या श्वसनाला कार्बन हवाच. सांडपाण्यातला कार्बन आधीच्याच हौदात संपला, तर तो बाहेरून घालावा लागतो.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स केंद्रात त्यासाठी मिथेनॉल वापरतात. एक किलो नायट्रेट-नत्र काढायला साधारण तीन किलो मिथेनॉल लागते. मिथेनॉल ज्वालाग्राही असते आणि मोजक्याच जिवाणूंना पचते. हायफोमायक्रोबियमसारखे हे जिवाणू सावकाश वाढतात, थंडीत तर फारच. त्यामुळे मिथेनॉल सुरू केल्यावर त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात. ॲसिटेट बहुतेक जिवाणू लगेच वापरतात, पण ते महाग पडते आणि गाळही जास्त होतो.

स्फुरदाची रीत निराळी आहे. प्राणवायू आणि नायट्रेट दोन्ही नसलेल्या हौदात स्फुरद साठवणारे जिवाणू ॲसिटेट आणि प्रोपिओनेट शोषून घेतात. त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेपायी ते जवळचे स्फुरद पाण्यात सोडतात, म्हणजे पाण्यातले स्फुरद आधी वाढते! पुढच्या हौदात हवा मिळाली, की सोडले त्याहून अधिक ते परत उचलतात आणि गाळ काढताना स्फुरदही निघून जाते. ग्लुकोज दिले, तर अनेकदा ग्लायकोजेन साठवणारे जिवाणू वरचढ होतात. ते कार्बन फस्त करतात, पण स्फुरद साठवत नाहीत.

म्हणून घरचा, म्हणजे सांडपाण्यातलाच, कार्बन वाया न घालवणे सर्वांत शहाणपणाचे. दक्षिण आफ्रिकेचे अभियंते जेम्स बर्नार्ड यांनी १९७० च्या दशकात नायट्रेटयुक्त पाणी मागे फिरवून ताज्या सांडपाण्याशी भिडवणारी रचना विकसित केली. प्राथमिक गाळ आंबवूनही ॲसिटेट मिळवता येते.

आपल्या गावात प्रक्रिया केंद्र उभे राहत असेल, तर केवळ बीओडीचा, म्हणजे सेंद्रिय प्रदूषणाचा, आकडा ऐकून समाधान मानू नका. नत्र आणि स्फुरद किती उतरणार, आणि त्यासाठी कार्बन कुठून येणार, हे नगरपालिकेला जरूर विचारा.