अनुभवाचे भांडवल आणि उद्योगाची वाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



परीक्षांचे निकाल लागले की लालबाग-परळच्या चाळींतून घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : ‘पोराने आता करायचे काय?’ एके काळी या प्रश्नाचे उत्तर तयार होते. बाप गिरणीत असला की मुलगा बदली कामगार म्हणून खात्यात शिरे. गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांतला मुलगा बँकेत, विमा कंपनीत किंवा सरकारी कचेरीत चिकटे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर पहिले उत्तर संपले. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. कायम नोकऱ्यांची भरती आटत गेली तसे दुसरे उत्तरही क्षीण झाले. आता तरुणांना चहूबाजूंनी तिसरेच उत्तर ऐकवले जाते : ‘नोकरी मागू नका, उद्योजक व्हा.’

हा उपदेश समाजवादी कार्यकर्त्याच्या कानाला खटकतो, आणि त्याचे खटकणे रास्त आहे. सर्वांना काम मिळेल अशी अर्थरचना उभारणे ही ज्यांची जबाबदारी, तेच अंग काढून घेतात आणि अपयशाचे खापर तरुणाच्या डोक्यावर फोडतात. दुचाकीवरून जेवणाची पाकिटे पोहोचवणाऱ्या मुलाला कंपनी ‘भागीदार’ म्हणते. परंतु दर ठरवण्यात त्याचा शब्द नसतो आणि नफ्यात त्याचा वाटा नसतो. अशा उद्योजकतेला वेठीचे नवे नाव म्हणावे लागेल.

परंतु उपदेश करणाऱ्याचा हेतू संशयास्पद आहे, एवढ्याने प्रश्न खोटा ठरत नाही. लालबागच्या त्या मुलाला व त्याच्या बहिणीला उद्या सकाळी काहीतरी करायचेच आहे. चळवळीने त्यांना नीट उत्तर दिले नाही, तर ते उत्तर सावकार देईल, कंत्राटदार देईल, किंवा ‘महिन्यात लखपती’ अशी पाटी लावणारा क्लासवाला देईल. म्हणून व्यवसायाची निवड आणि उद्योगाची सुरुवात या विषयाकडे कार्यकर्त्यांनी आपला विषय म्हणून पाहिले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘मराठी माणसाच्या रक्तात व्यापार नाही’ असे आपल्याकडे सहज बोलले जाते. व्यापार कोणाच्याच रक्तात नसतो. व्यापाऱ्याचा मुलगा दहाव्या वर्षी शाळा सुटल्यावर दुकानात बसतो, माल हाताळतो, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये हे बापाच्या चेहऱ्यावरून शिकतो. विसाव्या वर्षी तो ‘जन्मजात व्यापारी’ दिसतो, तेव्हा त्याच्या गाठीला दहा वर्षांची उमेदवारी असते. ती उमेदवारी ज्यांनी केली त्यांना या शहरात मराठी असल्याची अडचण आली नाही. बेडेकरांनी १९१० मध्ये गिरगावात आरंभ केला तो किराणा दुकानापासून. मसाले आणि लोणची मागाहून आली. किराण्याच्या गिऱ्हाइकाला काय हवे असते हे तोवर कळलेले होते. दांडेकर बंधूंच्या कॅमलिनचा आरंभ १९३१ साली गिरगावातच शाईच्या पुडीपासून झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा भायखळ्याला असलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवीत होते. यंत्रांशी त्यांची ओळख तेथे पक्की झाली. नंतर बेळगावला सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. या सर्वांच्या यशात काळाचा आणि सामाजिक स्थानाचाही वाटा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कारखाना उभा राहण्यापूर्वी हात त्या कामाला सरावलेले होते, हे सूत्र समान आहे.

ज्यांच्याजवळ सामाजिक स्थानही नव्हते, त्यांची दोन उदाहरणे आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहेत. दोन्ही याच परिसरातील आहेत आणि दोन्ही स्त्रियांची आहेत.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. शिक्षण बेताचे, भांडवल शून्य. समाजकार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये एवढीच पुंजी. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पापड लाटण्याची कला या स्त्रियांना कोणी शिकवावी लागली नाही. धंदा मात्र शिकावा लागला, आणि तो चुकांतून शिकल्या. प्रथम त्यांनी उत्तम आणि स्वस्त असे दोन प्रतींचे पापड करण्याचे ठरवले होते. पारेखांनी सल्ला दिला की प्रत एकच ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवण्याचा आग्रहही त्यांचाच. देणग्या न स्वीकारण्याचे या स्त्रियांनी आरंभापासूनच ठरवले होते. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली; खाटेवर पापड, खाली शेगडी. पावसाळ्याचा प्रश्न सुटला. हे तंत्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपये झाली. १९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली, त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली, आणि ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ हे नाव देशभर गेले. आज चाळीस हजारांहून अधिक भगिनी तिच्या सभासद आहेत. पापड लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक असते, हे तिचे वैशिष्ट्य. लाटण्याचे काम कष्टाचे आहे आणि मोबदला लाटलेल्या वजनावर मिळतो, हेही विसरता येत नाही. तथापि नफा बाहेरच्या मालकाच्या खिशात जात नाही, हा फरक लहान नव्हे.

दुसरे उदाहरण गिरणगावाच्या हृदयातले. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बहुधा एकटा असे, बायको-मुले गावी. एकेका खोलीत पाळीपाळीने माणसे राहत. त्यांचे जेवण खानावळवाली करी. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याचा डबा वेळेवर, रात्रपाळीहून येणाऱ्याचे ताट झाकून ठेवलेले, कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा उपास कोणत्या वारी, हे सारे तिच्या तोंडपाठ. महिन्याचा पगार झाला की पैसे मिळत. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. वीस माणसांचे दोन वेळचे जेवण, खरेदी, साठवण, वसुली हे सर्व एकहाती सांभाळणारी ही बाई निरक्षर असली तरी कुशल व्यवस्थापक होती. पण तिला उद्योजक म्हणण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. जनगणनेच्या कागदावर ती ‘गृहिणी’ होती आणि बँकेच्या दारात तर ती कोणीच नव्हती.

१९७४ मध्ये गिरणी कामगारांचा दीर्घ संप झाला. पगार थांबले, तरी खानावळीतली चूल विझली नाही. किडूकमिडूक गहाण टाकून या बायकांनी संपकऱ्यांना जेवू घातले. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी ते पाहिले. ज्यांच्या जिवावर संप टिकतो त्या बायकांची दखल संघटना का घेत नाही, हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्यातून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. दुर्बळांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही १९७२ पासून कागदावर होती. ती कागदावरून चुलीपर्यंत आणण्याचे काम मंडळाने केले. तारण ठेवायला काही नसलेल्या बायका गट करून एकमेकींना जामीन राहिल्या, आणि बँकेचे कर्ज घेऊन सावकाराच्या पाशातून सुटल्या. पुढे दादरला मंडळाचे स्वयंपाककेंद्र चालू झाले. गिरण्या गेल्यावर ज्या घरातील पुरुषाचे काम सुटले, अशा कित्येक घरांत शिजवून विकण्याचे हेच कौशल्य पोटाला आधार झाले.

या दोन कथांमधून दोन निष्कर्ष निघतात, आणि ते एकत्रच घ्यावे लागतात. पहिला : अनुभव हे भांडवल आहे. कामगार-कष्टकरी घरांत ते भरपूर असते. फक्त त्याची मोजदाद होत नाही. दुसरा : केवळ अनुभव पुरत नाही. खानावळवालीजवळ तो १९७५ च्या पूर्वीही होता, आणि तरीही ती कर्जात बुडालेली होती. अनुभवाला पतपुरवठ्याची जोड मिळाली, संघटनेची पाठराखण मिळाली, तेव्हा तो फळला. जे केवळ जिद्दीचे गोडवे गातात ते दुसरा निष्कर्ष लपवतात. जे केवळ सरकारी योजनांकडे पाहतात ते पहिला विसरतात.

स्पेनच्या बास्क प्रांतातील मोन्द्रागोनचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे एका धर्मगुरूने १९४३ मध्ये प्रथम काढली ती तंत्रशाळा. तिच्यातून बाहेर पडलेल्या पाच तरुणांनी आधी गावातल्या कारखान्यात नोकरी केली, काम आणि कामगार दोन्ही जाणून घेतले, आणि मग १९५६ मध्ये चुलींचा सहकारी कारखाना काढला. त्यातून जगातील सर्वांत मोठ्या कामगार-सहकारी समूहांपैकी एक वाढला. शाळा, मग नोकरी, मग मालकी, असा तो क्रम होता. त्याच समूहातील घरगुती उपकरणांचा कारखाना २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला, हेही सांगितले पाहिजे. सहकाराला बाजाराचे नियम माफ नसतात. पण तेथील पुष्कळ कामगारांना समूहातील इतर संस्थांनी सामावून घेतले. एकट्या उद्योजकाला बुडताना असा हात मिळत नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. समजा, लालबागच्या एका पदवीधर मुलीला मसाल्याचा उद्योग करायचा आहे. पुस्तकात तिला खर्च आणि नफा यांचे कोष्टक मिळेल. पण ज्या दुकानात डंकावर मसाला कुटून दिला जातो तेथे ती एक हंगाम पगारावर राबली, तर तिला निराळ्याच गोष्टी कळतील. वर्षाचा मसाला घरोघरी उन्हाळ्यात होतो. म्हणजे मिरचीत पैसा आधी गुंततो आणि विक्रीची खरी घाई दोन-तीन महिन्यांत आटोपते. बेडगीने रंग येतो, तिखटपणासाठी दुसरी मिरची लागते, आणि ओलसर मिरची वजनात भरते पण कुटल्यावर तोटा देते. गिऱ्हाईक भावावरून कुरकुर करते, पण दुकान सोडते ते चव बदलली की. आणि शेजारच्या काकूंना उधारी नाकारणे हे या धंद्यातले सर्वांत अवघड काम आहे. हे शिकण्याची किंमत दुसऱ्याच्या दुकानात एका हंगामाचे कष्ट एवढीच पडते. स्वतःच्या दुकानात शिकायचे म्हटले तर तीच किंमत आईच्या दागिन्यांनी मोजावी लागते.

म्हणून काही पथ्ये सांगता येतात. ज्या धंद्यात उतरायचे त्यात किमान वर्ष-दोन वर्षे मजुरीवर काम करावे. पदवीचा अभिमान आड येऊ देऊ नये. पहिला प्रयोग एवढा लहान असावा की तो फसला तरी घरची चूल बंद पडू नये. हिशेबात स्वतःच्या व घरच्यांच्या श्रमाची मजुरी धरावी. ती धरली नाही तर तोट्यातला धंदा वर्षानुवर्षे नफ्याचा वाटत राहतो. आणि राहती खोली, बापाची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम या दोन गोष्टी कधीही पणाला लावू नयेत. गिरणीची देणी हातात आल्यावर अननुभवी धंद्यात ती घालवून बसलेली कुटुंबे या वस्तीला अपरिचित नाहीत. ज्याला हे सारे पाहून नोकरीच बरी वाटेल, त्याने बिनदिक्कत नोकरी करावी, आणि तेथे युनियन बांधावी. चांगला फिटर, चांगली परिचारिका, चांगला शिक्षक होणे हे उद्योजक होण्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

तरुणांना एवढे सांगितल्यावर कार्यकर्त्यांचेही काम उरतेच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवाराला विद्यावेतन मिळाले पाहिजे. उमेदवारीच्या नावाखाली फुकट राबवून घेतले जात असेल तेथे शाखेने उभे राहावे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याला दिलेले संरक्षण त्याच्या पाटीपर्यंत पोहोचवावे. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतच्या कर्जाची तरतूद २०१५ पासून आहे. पण अर्ज लिहून देणारा आणि बँकेत सोबत येणारा माणूस नसेल तर ती तरतूद १९७२ च्या योजनेप्रमाणे कागदावरच राहील. शाखेच्या कचेरीत आठवड्यातून एक संध्याकाळ जमाखर्चाच्या वर्गाला द्यावी. एकमेकांना जामीन राहणारे गट बांधावेत. वस्तीत कोणाला कोणते काम येते याची एक साधी वही ठेवली, तरी पुष्कळ काही हाती लागेल.

प्रेमाताईंनी खानावळवालीकडे जाताना कोणताही नवा धंदा सोबत नेला नव्हता. जे काम ती बाई आधीच करीत होती त्याला त्यांनी किंमत मिळवून दिली. ‘पोराने आता करायचे काय?’ असा प्रश्न उद्या एखाद्या आईने विचारला, तर कार्यकर्त्याने तिला आधी विचारावे : घरात कोणाला काय येते? पुढचे बोलणे तेथून सुरू करता येईल.